डाव्या कानाशी

ट्राममध्ये तिकीट तपासणारी बाई त्या म्हाताऱ्यापाशी थांबली आणि पोलिक्सेनी उठून उभी राहिली. आपण का उठलो, हे तिला उठल्यावरही नीट कळलं नाही. म्हातारा समोरच्या बाकावर होता. मांडीवर सफरचंदांची कागदी पिशवी, हातात मुदत संपलेलं तिकीट. ते तिकीट तो पुन्हा पुन्हा पुढे करत होता आणि त्याच्या भाषेत काहीतरी समजावत होता. ती भाषा ना त्या बाईला येत होती, ना डब्यातल्या आणखी कुणाला. बाई चिडलेली नव्हती. शब्द सुटे सुटे करून ती स्वीडिशमध्ये एकच वाक्य परत परत म्हणत होती. पोलिक्सेनीच्या तोंडात तोवर एक अख्खं वाक्य तयार झालं होतं. ग्रीकमधलं, लांबलचक, आधी समोरच्याला मान देणारं, मग त्याला हळूच कोपऱ्यात घेणारं. तिचे वडील कोर्टात बांधायचे तसं. ते ओठांपर्यंत आलं आणि तिथंच अडलं. इथं त्याचा उपयोग नव्हता. इथला नियम तिला ठाऊक नव्हता, भाषा येत नव्हती, आणि इंग्रजीत तिला फक्त "माफ करा" एवढंच सुचलं. तपासणीस बाईनं वळून पाहिलं. वयानं लहानच होती, चेहरा चांगला होता. "तुम्ही यांच्यासोबत आहात का?" तिनं इंग्रजीत विचारलं. पोलिक्सेनी म्हणाली, "नाही." आणि खाली बसली.

पुढच्या थांब्यावर म्हातारा दंडाची पावती घेऊन उतरला. उतरताना त्यानं तिच्याकडे बघून मान लववली, आभार मानल्यासारखी. ती विद्यापीठाच्या थांब्यावर उतरली. नोव्हेंबरातली दुपार होती, म्हणजे गोथेनबर्गमध्ये अंधारच. दुकानांतले दिवे ओल्या फरसबंदीवर पसरले होते आणि नदीकडून वारा येत होता. ते "नाही" तिच्या जिभेवरून जाईना. खोटं तर काहीच नव्हतं त्यात. ती त्याच्यासोबत नव्हतीच. पण वोलोसमध्ये, तिच्या गावी, बंदरावरच्या कोर्टाच्या जिन्यात, कुणी असा प्रश्न विचारला असता तर तिनं विचार न करता "हो" म्हटलं असतं, आणि तेही खोटं ठरलं नसतं. वकील ज्याच्या-त्याच्यासोबत असतोच. त्याची सनदच तेवढ्यासाठी असते. आणि ती सनद गावाच्या वेशीबाहेर, फार तर देशाच्या सीमेबाहेर, विझते. डॉक्टर कुठंही गेला तरी पोट दाबून दुखतं कुठं ते सांगू शकतो, सुतार कुठंही रंधा मारू शकतो. वकिलाला मात्र सीमा ओलांडली की आपलं तोंड जकातीच्या नाक्यावर ठेवून यावं लागतं. हे तिला आधी माहीत होतं. म्हणून तर ती मॅनेजमेंट शिकायला आली होती. ते म्हणे कुठंही चालतं.

वर्गात तिला सगळे झेनी म्हणत. पोलिक्सेनी कुणाला लांब वाटे, कुणाला उच्चारता येत नसे. पहिल्या आठवड्यात टॉर्केल नावाच्या उंच, सतत काहीतरी चघळणाऱ्या स्वीडिश मुलानं विचारलं होतं, "झेनी चालेल ना?" आणि ती "चालेल" म्हणाली होती. ग्रीकमध्ये त्या क्सेनीचा अर्थ परकी बाई असा होतो, हे तिनं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळे ओशाळले असते, आणि मग ते ओशाळलेपण तिलाच निस्तरावं लागलं असतं. इथं कुणी वाईट नव्हतं. हेच अवघड होतं. भांडायला कुणी नव्हतं. स्वयंपाकघर अख्ख्या मजल्याचं एकच होतं, तिथं प्रत्येकाच्या दुधावर नाव लिहिलेलं असे, लोक हसून "हाय" म्हणत आणि आपापला ताट-चमचा घेऊन खोलीत जात. ती मसूर शिजवे, त्यात व्हिनेगर घाले, आणि उभ्यानंच खिडकीशी खाई. चौतीस वर्षांची होती ती. बाकीची मुलं चोवीस-पंचविसातली.

तिच्या गटात टॉर्केल आणि माइके, डच मुलगी. शुक्रवारी प्रेझेंटेशन होतं. समुद्रकाठच्या एका लहान गावातला मासे डबाबंद करण्याचा कारखाना बंद करायचा आहे, तो कसा कराल? कारखाना आणि गाव दोन्ही पुस्तकातले. माइके फळ्यावर चौकोन काढत होती. पोलिक्सेनी म्हणाली, "एक गोष्ट आधी बघायला हवी. ज्या बायका तीस तीस वर्षं तिथं काम करतायत, त्यांच्यापैकी निम्म्यांना घर कारखान्यानंच दिलंय, आणि जर का उद्या—"

"झेनी, हे महत्त्वाचं आहे," माइके म्हणाली. मनापासून म्हणाली. "पण ही अडचण झाली. आपल्याला उपाय हवाय. एका ओळीत सांग ना."

"एका ओळीत नाही बसत ते."

"ती वकील आहे," टॉर्केल म्हणाला. "वकिलाला तासावर पैसे मिळतात, ओळीवर नाही."

सगळे हसले. तीही हसली. मग एका ओळीत काहीतरी म्हणाली आणि माइकेनं ते एका चौकोनात लिहिलं. चौकोनात ते वाक्य बरं दिसत होतं. पोलिक्सेनी त्याकडे बघत राहिली. आपण बोललेलं असं लिहिलेलं तिनं फारसं कधी पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे आपण बोललेलं तिनं फारसं कधी ऐकलंही नव्हतं.

तिचे वडील, आरिस्तोव्हुलोस कारातझास, वोलोसच्या कोर्टातले जुने वकील. आवाज असा की जिन्यात उभ्या असलेल्या माणसालाही कळावं आत काय चाललंय. पन्नाशीनंतर त्यांचा उजवा कान गेला आणि साठीत डावा मंद झाला. कानात यंत्र घालायला त्यांनी साफ नकार दिला. "न्यायाधीशासमोर कानात बटण घालून उभा राहू? तो म्हणेल, याला रेडिओ लागतो." पोलिक्सेनी नुकतीच वकील झाली होती. पहिल्याच खटल्यात ती त्यांच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि न्यायाधीश काय म्हणाले ते हळूच त्यांच्या कानात सांगितलं. ते इतकं सहज झालं की त्याबद्दल दोघांत कधी बोलणं झालं नाही. आठ वर्षं ती त्यांच्या डाव्या कानाशी उभी होती. साक्षीदार अडखळला तर अडखळण्यासकट सांगायची. विरुद्ध बाजूचा वकील कुजबुजला तर तेही. ओठ न हलवता बोलायला शिकली. वडिलांच्या खांद्याला लागणारा आपला खांदा, त्यांच्या कोटाचा कापराचा वास, आणि त्यांनी अर्धा क्षण डोळे मिटून तिचं वाक्य आत घेणं, मग पुढे होऊन गरजणं. लोक म्हणायचे, म्हातारा अजून तल्लख आहे. ती घरी येऊन गरम पाणी प्यायची, घसा दुखायचा. कुजबुजण्यानं घसा ओरडण्यापेक्षा जास्त दुखतो.

मग एकदा नवीन न्यायाधीश बाई आल्या. खटला सुरू व्हायच्या आधी त्यांनी कारकुनाला विचारलं, "ती शेजारी उभी आहे ती मुलगी कोण?" कारकून मजेत म्हणाला, "ती? ती कारातझासांचा कान." सगळं कोर्ट हसलं. प्रेमानंच हसलं. वडिलांनी हसणं पाहिलं आणि सवयीनं मान तिच्याकडे झुकवली: काय म्हणाले? आणि तिनं ते सांगितलं. जसंच्या तसं, कारकुनाच्या सुरासकट, त्यांच्या कानात. आणि तेही हसले, तिच्या पाठीवर थाप मारून. पुढे दिवसभर तिनं व्यवस्थित काम केलं. घरी आल्यावर, भाजी निवडणाऱ्या आईसमोर बसून, तिनं फोनवर परदेशातल्या विद्यापीठांची पानं उघडली. कायदा सोडून काय शिकता येईल, ते बघायला.

वडिलांना सांगायचं तर त्यांच्या कानातच सांगावं लागणार होतं. त्या कानात आजवर तिनं दुसऱ्यांची वाक्यं घातली होती. आपलं वाक्य घालताना तिला विचित्र लाज वाटली. गच्चीत ते कॉफी पीत होते. ऐकून त्यांनी कप खाली ठेवला.

"मॅनेजमेंट. म्हणजे दुकान सांभाळायचं?"

"दुकानच असं नाही, बाबा. काहीही."

"काहीही सांभाळायला शिकवतात? दोन वर्षांत?" ते आईकडे वळले. "दोम्ना, ऐकलंस? हिला काहीही सांभाळता येणार आहे. माझा सासरा आयुष्यभर एक बोट सांभाळत होता, ती बुडाली." मग समुद्राकडे बघू लागले. "वकील कुणाच्या तरी बाजूनं उभा राहतो. मॅनेजर कुणाच्या बाजूनं उभा राहतो ग?"

माझ्या कानाशी आता कोण, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर ती गेली नसती, हे त्यांना कळत होतं की काय, याचा विचार तिनं गोथेनबर्गच्या त्या अरुंद पलंगावर पुष्कळदा केला. जाण्याआधी तिनं बार असोसिएशनमध्ये सनद स्थगित करून घेतली. वकिलांना परदेशात राहायचं तर तसं करावं लागतं. सही करताना हात हलका वाटला होता.

दर रविवारी वडील फोन करायचे. त्यांना फोनवर काहीच ऐकू येत नसे, त्यामुळे ते फक्त बोलायचे. वोलोसचं हवामान, ऑलिव्हचं पीक, कुठल्या वकिलानं काय मूर्खपणा केला, आई डॉक्टरकडे जात नाही. मागून आईचा आवाज, "खोटं बोलतोय, जाऊन आले मी." मग ते म्हणायचे, "तू बरी आहेस ना? छान. ठेवतो." उत्तरासाठी जागाच नसे. ती फोन कानाशी धरून बसायची. कधीकधी मध्येच हळू आवाजात काहीतरी बोलायचीही: आज बर्फ पडला, बाबा, आज दिवसभरात कुणाशी बोलले नाही. ते पलीकडून ऑलिव्हबद्दल सांगत असायचे.

त्या रविवारी फोन आला नाही. ट्रामच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आईचा आला.

"तुला सांगू नकोस म्हणालाय," आई म्हणाली. "म्हणून सांगते."

मागच्या आठवड्यात न्यायाधीशांनी त्यांना विचारलं होतं, हा साक्षीदार तुम्ही सोडून देताय का? वडिलांना वाटलं, बसा म्हणतायत. ते झुकून म्हणाले, "आपली कृपा, माननीय, आनंदानं." अशिलाचा एकुलता एक साक्षीदार उठून घरी गेला. कोर्ट हसलं. या वेळी प्रेमानं नाही. अशिलानं जिन्यातच वकीलपत्र काढून घेतलं, आणि मोठ्यानं बोलला, की बहिऱ्याला पैसे देण्यापेक्षा भिंतीला द्यावेत. ते त्यांना ऐकू आलं.

"तेव्हापासून गच्चीत बसतोय. बूटसुद्धा घालत नाही. शुक्रवारी स्तेर्गिओसचा खटला आहे, तो मधमाश्यावाला. शेजारणीला माश्या चावल्या म्हणून फौजदारी केलीय तिनं. तेवढा एकच खटला राहिलाय तुझ्या बाबांकडे."

"मी येते."

"येऊ नकोस. आलीस तर त्याला कळेल मी सांगितलं." आई थांबली. "कधी येतेस?"

तिनं गटाला निरोप पाठवला, वडिलांसाठी घरी जावं लागतंय, शुक्रवारी येऊ शकत नाही, मनापासून माफी मागते. आपण नसलो तर त्यांचं फार अडेल या काळजीनं विमानतळावर तिनं तीनदा फोन पाहिला. अथेन्सला उतरल्यावर टॉर्केलचं उत्तर आलं. "काही काळजी करू नकोस! तुझा भाग माइकेनं घेतला. दोन ओळींत छान बसला. वडिलांना शुभेच्छा." खाली एक हसरा चेहरा. वोलोसच्या बसमध्ये ती ते परत परत वाचत होती. चांगलंच लिहिलं होतं त्यानं. बाहेर उन्हात कापसाची शेतं वेचून झालेली दिसत होती, आणि गोथेनबर्गच्या अंधारानंतर तो उजेड तिच्या डोळ्यांना सोसेना.

वडिलांनी तिला दारात पाहिलं आणि काही विचारलं नाही. आईकडे मात्र एकदा रोखून पाहिलं. जेवताना ते स्तेर्गिओसच्या माश्यांबद्दल बोलले, पुष्कळ बोलले, आणि पोलिक्सेनीच्या लक्षात आलं की ते तिला खटला समजावून सांगतायत, उद्यासाठी, पूर्वीसारखा. तिनं खुर्ची सरकवून त्यांच्या डावीकडे घेतली. "बाबा, माझी सनद स्थगित आहे. मला तुमच्या शेजारी उभं राहता येणार नाही. मागं लोकांत बसावं लागेल."

त्यांनी घास खाली ठेवला. "असं का," म्हणाले. मग काट्यानं ताटातलं मासळीचं हाड बाजूला केलं. "बसायला तर येशील?"

शुक्रवारी ती मागच्या बाकावर बसली. शेजारी काळ्या कपड्यांतली एक म्हातारी, कुणाच्या तरी खटल्यासाठी आलेली. इतक्या वर्षांत तिनं वडिलांना पाठीमागून असं कधी पाहिलं नव्हतं. कोट खांद्यांवर सैल झाला होता. डाव्या बाजूला जागा मोकळी होती, आणि तिला वाटलं की ते तिथं किंचित झुकलेत, खांदा टेकायला काही नसलं तरी. स्तेर्गिओस टोपी हातात चुरगळत उभा होता. शेजारणीनं हात वर करून सूज कुठं कुठं आली होती ते दाखवलं. वडिलांनी तिला दोन प्रश्न विचारले, तयार करून आणलेले; उत्तरं त्यांना ऐकू आली नाहीत हे पोलिक्सेनीला त्यांच्या मानेवरून कळलं. मग न्यायाधीश बाई, पूर्वी ती मुलगी कोण म्हणून विचारणाऱ्या त्याच, कागदातून वर न बघता म्हणाल्या, "वकीलसाहेब, माश्यांची पोळी कुंपणापासून किती अंतरावर होती, यावर तुमचं म्हणणं काय?"

वडील उभे होते. पोलिक्सेनीच्या ओठांत तो प्रश्न आपोआप फिरला, न हलणाऱ्या ओठांत, जसाच्या तसा, तिथून पंधरा माणसं पलीकडे उभ्या असलेल्या एका कानासाठी. घसा दुखला. ती पुटपुट प्रार्थनेची समजून शेजारची म्हातारी तिच्याकडे झुकून म्हणाली, "मागा, मागा. देवमाता ऐकते." पोलिक्सेनीनं बाकाची कड घट्ट धरली. उठू नये म्हणून. वडिलांची मान किंचित डावीकडे वळली, त्या मोकळ्या जागेकडे, आणि तशीच राहिली. कारकुनानं पेन खाली ठेवलं. कुणीतरी खोकलं. आता ते काहीतरी भलतंच बोलतील, आता, आणि मग हसू फुटेल. तिला वाटलं डोळे मिटून घ्यावेत.

"माननीय," वडील म्हणाले, आणि आवाज नेहमीसारखा भरदार नव्हता. "मला ऐकू येत नाही. बरीच वर्षं येत नाही. जरा मोठ्यानं बोलाल का?"

न्यायाधीश बाईंनी वर पाहिलं. चष्मा काढला. खुर्ची पुढे ओढली आणि शाळेतल्या बाईसारखं, एकेक शब्द मोठ्यानं, विचारलं, "पोळी! कुंपणापासून! किती! अंतरावर!"

"अहो, रस्त्याच्या पलीकडे!" वडील गरजले. "मध्ये अख्खा रस्ता आहे, माननीय! माशीला रस्ता ओलांडू नकोस असं माझ्या अशिलानं सांगायचं कसं?"

हसू फुटलं. न्यायाधीश बाईही हसल्या. त्यानंतर सगळंच मोठ्यानं चाललं. विरुद्ध बाजूचा वकील मोठ्यानं बोलला, शेजारीण मोठ्यानं बोलली, कारकुनानंसुद्धा तारीख ओरडून विचारली, आणि वडील प्रत्येकाला उत्तर देत होते, ताठ उभे राहून, हात हलवत. ते आता डावीकडे झुकत नव्हते. पोलिक्सेनी बघत होती. बरं वाटायला हवं होतं, आणि वाटतही होतं. त्याखाली दुसरं काहीतरी होतं. एवढंच करायचं होतं. पहिल्याच दिवशी, पहिल्याच खटल्यात, ती शेजारी नसती तर त्यांनी हेच केलं असतं. तिच्या कुजबुजण्यानं त्यांचं चाललं, आणि चाललं म्हणून बहिरेपण लपलं. म्हातारीनं तिचा हात थोपटला. "बघा, ऐकलं की नाही देवमातेनं?"

स्तेर्गिओस सुटला. पायऱ्यांवर त्यानं वडिलांना मिठी मारली, मधाची बरणी आणतो म्हणाला, दोनदा ओरडून म्हणाला. जुने वकील जमले, पाठीवर थापा पडल्या, एकजण त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन किंचाळला, "आरिस्तोव्हुलोस, आधी सांगायचंस ना रे गाढवा!" वडील लालबुंद होऊन हसत होते. मग तिच्यापाशी आले. बंदरावरून वारा येत होता, कोट फडफडत होता. लहान मुलानं पोहता आल्यावर सांगावं तसं ते म्हणाले, "किती सोपं होतं ग!"

"हो, बाबा," ती म्हणाली.

"आता तू आलीयस तर जानेवारीत दोन खटले घेतो. सनद सोडवून घे. शेजारी उभं राहायची गरज नाही, तू आपले स्वतःचे चालव."

यासाठी तिनं कधीकाळी वाटेल ते दिलं असतं. आपले स्वतःचे. ती तिथंच थांबली, आणि तिच्यासमोर काही काळ दोन्ही गावं सारखीच मोकळी झाली. तिथं तिचा भाग दोन ओळींत बसला होता, आणि इथं तिच्यावाचून खटला सुटला होता. कुणाचंच अडलेलं नव्हतं. तिला कुठं जायचं, हे ठरवायला बाहेरचं एकही कारण उरलं नव्हतं. माइकेच्या फळ्यावरचा तो चौकोन तिला आठवला, आणि त्या चौकोनात न मावलेल्या बायका. त्यांच्याबद्दलचं वाक्य तिनं अर्धंच सोडलं होतं. ते तिचं होतं. कुणीही तिला सांगायला दिलेलं नव्हतं.

"बाबा, मला परत जायचंय," ती म्हणाली.

"काय?" त्यांनी डावा कान पुढे केला, सवयीनं. ती झुकली, तीही सवयीनं. मग सरळ उभी राहिली.

"मोठ्यानं बोल की," ते म्हणाले. "आता कसली लाज?"

"मला परत जायचंय!"

स्वतःचा आवाज तिला ओळखू आला नाही. चिरका होता, मध्येच फाटला. पायऱ्यांवरचे वकील वळून बघायला लागले. स्तेर्गिओसनं टोपी घालता घालता हात थांबवला.

वडिलांनी तिच्याकडे पाहिलं. असं पाहिलं, जणू समोर साक्षीदार आहे आणि तो खरं बोलतोय की काय ते ठरवायचंय.

"मग जा की," ते म्हणाले. "ओरडतेस कशाला?"

आणि तिचा कोपर धरून ते पायऱ्या उतरू लागले.